सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी लघवीतल्या रक्तासाठी सीटी आणि दुर्बीण कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे, नागपुरातच राहतात. मे महिन्यात एक दिवस लघवी लाल झाली. दुखलं नाही, जळलं नाही, दोन दिवसांत आपोआप स्वच्छ झाली. घरच्यांना वाटलं, उन्हाळी लागली. जवळच्या केंद्रात सोनोग्राफी केली, रिपोर्ट नॉर्मल आला. आता यूरोसर्जन सीटी युरोग्राफी आणि सिस्टोस्कोपी, म्हणजे मूत्राशयात दुर्बीण घालून पाहणं, दोन्ही करा म्हणतात. वडिलांना मधुमेह आहे, त्याची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे, किडनीचं काम तपासणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.४ आहे. तरुणपणापासून विडी ओढत होते, दहा वर्षांपूर्वी सोडली. मुलाने तीन गोष्टी विचारल्या आहेत: सोनोग्राफी नॉर्मल असताना हे सगळं कशाला? दुर्बीण टाळून थेट एमआरआय किंवा पेट स्कॅन केला तर एकदाच काय ते कळणार नाही का? आणि बहिणीचं लग्न दोन महिन्यांवर आहे, ते आटोपून केलं तर चालेल का?

मी गेली २३ वर्षं नागपुरात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. माझा दिवस सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआयमध्येच जातो. आधी सरळ उत्तर देते: तुमचे सर्जन बरोबर सांगत आहेत, आणि लग्नापर्यंत थांबू नका. बाबांना मी तपासलेलं नाही, त्यांची चित्रंही पाहिलेली नाहीत, म्हणून त्यांना कर्करोग आहे की नाही यावर मी काहीही बोलणार नाही. पण सर्जन असं का म्हणतात ते नीट सांगते. कारण समजलं की बाबांना तयार करणं तुम्हाला सोपं जाईल.

तुम्ही विचारलंय की सगळ्यात चांगला स्कॅन कोणता. मी हा प्रश्न थोडा बदलून घेते. रक्त कुठून आलं, आणि जिथून येऊ शकतं ती प्रत्येक जागा आपण पाहिली का? किडनीत लघवी जिथे गोळा होते त्या कपांपासून मूत्रवाहिनी, मूत्राशय आणि खाली मूत्रमार्गापर्यंत आतून एकच अस्तर आहे. एकाच कापडाचं लांब अस्तर समजा. तंबाखूतल्या विषारी द्रव्यांनी हे अस्तर खराब होतं तेव्हा ते एकाच जागी होईल असं नसतं. म्हणून या मार्गाचा एक तुकडा पाहून 'सगळं ठीक' म्हणता येत नाही. आणि हा सगळा मार्ग इंच न इंच दाखवणारं एकच यंत्र आजही नाही. दोन तपासण्या लागतात त्या यासाठी.

आता उन्हाळीबद्दल. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, नवतप्यात अंगातलं पाणी आटतं, लघवी गडद आणि जळजळीत होते. मुतखड्याचे रुग्णही विदर्भात भरपूर. त्यामुळे लघवीचा रंग बदलला की घरोघरी धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली सुरू होते, आणि रंग निवळला की विषय मिटतो. पण उन्हाळीत जळजळ असते. खड्यात बहुधा कळ असते. तुमच्या बाबांना यातलं काहीच नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच प्रकारच्या रक्ताची. मूत्राशयातली गाठ नाजूक, झालरीसारखी असते. तिचा एखादा धागा तुटला की रक्त येतं, मग बंद होतं, आणि पुढचे कित्येक आठवडे लघवी अगदी पाण्यासारखी स्वच्छ. रक्त थांबलं याचा अर्थ कारण गेलं असा होत नाही. 'आता लाली नाही जी, मग कशाला तपासायचं?' हे वाक्य मी माझ्या टेबलाशेजारी इतक्यांदा ऐकलंय की त्याची आता भीतीच वाटते.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. डोळ्यांना दिसेल असं रक्त लघवीतून आलेल्या दहा जणांत कर्करोग साधारण एक-दोघांत निघतो. बाकीच्यांत खडा, वाढलेलं प्रोस्टेट, जंतुसंसर्ग असं काही सापडतं किंवा काहीच सापडत नाही. लाल रंग बीटाने येतो, क्षयाच्या रिफाम्पिसिन गोळीनेही लघवी लालसर-केशरी होते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली खरंच रक्तपेशी आहेत का हे आधी पाहायचं. लघवीत प्रथिनंही बरीच जात असतील आणि रक्तपेशी वेड्यावाकड्या आकाराच्या असतील, तर रोख किडनीच्या गाळणीकडे जातो आणि किडनीच्या डॉक्टरांची, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टची गरज पडते. पण एक सबब मी कधीच मान्य करत नाही: 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, म्हणून आलं असेल.' गोळीमुळे रक्त लवकर थांबत नाही हे खरं, पण ते आतून कुठून तरी सुटलंच ना? गोळी चालू असलेल्या माणसाचीही तपासणी तेवढीच पूर्ण करायची.

बाबांच्या बाबतीत वय आणि विडी या दोन गोष्टी पारडं जड करतात. मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी जवळपास निम्म्यांच्या मुळाशी धूम्रपान असतं. लोकांना वाटतं, धूर फुप्फुसात जातो, मूत्राशयाचा काय संबंध? धुरातली काही रसायनं, ज्यांना ॲरोमॅटिक अमाइन म्हणतात, फुप्फुसातून रक्तात उतरतात, किडनी ती गाळते आणि ती लघवीत साचून मूत्राशयाच्या अस्तराला तासन्‌तास लागून राहतात. १८९५ साली लुडविग रेन नावाच्या जर्मन सर्जनने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचं मांडलं होतं, तीही याच घराण्यातली रसायनं. त्याच वर्षी रोंटगेनला क्ष-किरण सापडले, म्हणून हे साल माझ्या पक्कं लक्षात आहे. आपल्याकडे भंडारा-गोंदियाचा पट्टा तेंदूपत्त्याचा. विडी वळणारे आणि ओढणारे दोघेही माझ्याकडे येतात, आणि विडीला कोणी सिगारेटइतकं गंभीर धरत नाही. दहा वर्षांपूर्वी बाबांनी ती सोडली हे फार चांगलं केलं, धोका त्याने नक्की उतरला. पण ज्याने विडी कधीच ओढली नाही त्याच्याइतका तो खाली येत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, सोनोग्राफीचा. सोनोग्राफी मला फार प्रिय आहे. ती स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही, आणि किडनीच्या मांसल भागातली गाठ, लघवी अडून फुगलेली किडनी, मूत्राशयातली सेंटिमीटरभराची वाढ हे सगळं ती छान दाखवते. पण तिच्या मर्यादाही पक्क्या आहेत. मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यांतल्या हवेमागे दडलेला असतो, तो तिला जवळपास दिसतच नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान वाढ सहज निसटते. मूत्राशयाच्या समोरच्या भिंतीपाशी ध्वनीच्या परावर्तनाचं धुकं येतं. आणि अस्तरात चपटा पसरणारा एक कर्करोग असतो, त्याला सीआयएस म्हणतात, त्याची गाठच होत नाही. गाठच नाही तर सोनोग्राफी दाखवणार काय?

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मूत्राशय भरलेलं हवं. फुगा रिकामा असला की त्याला सुरकुत्या पडतात, त्या सुरकुतीत दीड सेंटिमीटरची गाठही लपते. भंडारा जिल्ह्यातले एक काका आठवतात. दुसरीकडे सोनोग्राफी केली होती, रिपोर्टवर शेवटी 'नॉर्मल' लिहिलेलं. एसटीने तीन तास प्रवास करून पोहोचले, साहजिकच आधी लघवीला जाऊन आले आणि मग टेबलावर झोपले. रिपोर्टच्या मधोमध एक ओळ होती: मूत्राशय पुरेसं भरलेलं नाही. ती ओळ कोणीच वाचली नाही, ना घरच्यांनी, ना ज्यांनी पाठवलं त्यांनी. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त आलं तेव्हा ते माझ्याकडे आले. मी त्यांना पाणी पाजून तासभर बसवून ठेवलं, आणि उजव्या मूत्रवाहिनीच्या तोंडाशेजारी झालरीसारखी वाढ स्पष्ट दिसली. म्हणून तुम्हाला विनंती करते, बाबांचा रिपोर्ट आज रात्री काढून पूर्ण वाचा. 'नॉर्मल' हा शब्द शेवटच्या ओळीत असतो, पण तो किती भरवशाचा आहे ते वरच्या ओळींत लिहिलेलं असतं. मूत्राशय किती भरलं होतं, त्याची भिंत कशी होती, लघवीनंतर किती उरली, हे तिथे आहे का पाहा.

सीटी युरोग्राफी म्हणजे साध्या सीटीपेक्षा वेगळं प्रकरण आहे. कागदावर नुसतं 'सीटी पोट' लिहून आणू नका. यात तीन फेऱ्या असतात. पहिली औषधाशिवाय, खडे शोधायला. मग शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उजळून दिसणारं औषध, देतात आणि साधारण दीड मिनिटाने दुसरी फेरी, तेव्हा किडनीचा मांसल भाग एकसारखा उजळतो आणि त्यातली गाठ उठून दिसते. तिसरी फेरी पाच ते पंधरा मिनिटांनी, तोपर्यंत कॉन्ट्रास्ट लघवीत उतरलेलं असतं आणि किडनीच्या कपांपासून मूत्राशयापर्यंतचा सगळा मार्ग पांढराशुभ्र दिसतो. त्या पांढऱ्या धारेत कुठे काळी खाच दिसली की तिथे काहीतरी अडून बसलंय. पूर्वी हेच काम आयव्हीपीचे एक्स-रे करायचे. वयस्क वाचकांना ते आठवत असेल, पण सीटीसमोर ते आता मागे पडलं. वरच्या मार्गातला, म्हणजे किडनीच्या कपांतला आणि मूत्रवाहिनीतला कर्करोग शोधण्यात सीटी युरोग्राफीची अचूकता नव्वदीच्या वर आहे. अस्तराच्या कर्करोगांपैकी ५ ते १० टक्केच या वरच्या मार्गात होतात, पण सिस्टोस्कोपीची दुर्बीण तिथवर पोहोचत नाही. म्हणून वरचा मार्ग सीटीने पाहायचा आणि खालचा दुर्बिणीने.

खाच दिसली म्हणजे कर्करोग असंही नाही, आणि आमच्या कामातला खरा कस इथे लागतो. खाच खड्याची असू शकते, रक्ताच्या गुठळीची असू शकते, गाठीची असू शकते. सीटीवर प्रत्येक पदार्थाची घनता आकड्यात मोजता येते. पाणी शून्य, खडे काही शेकड्यांत, ताजी गुठळी साधारण ५० ते ७०, गाठ कॉन्ट्रास्टआधी ३०-४० च्या घरात. नुसत्या आकड्यावर मात्र मी निर्णय देत नाही. कॉन्ट्रास्टनंतर आकडा वाढला का, हे पाहते. गाठीला रक्तपुरवठा असतो म्हणून ती उजळते, गुठळीला नसतो म्हणून ती तशीच राहते. पहिली औषधाविना फेरी वाचवू नका म्हणून मी भांडते ते यासाठीच, कारण तुलनेला आधीचा आकडाच नसेल तर वाढ मोजणार कशी?

सुरुवातीच्या वर्षांत मी एका आजोबांच्या सोनोग्राफी रिपोर्टवर मूत्राशयात 'ग्रोथ' लिहिलं. घरात दोन रात्री कोणी झोपलं नाही. दुर्बिणीत ती गुठळी निघाली, रक्त वाढलेल्या प्रोस्टेटवरच्या शिरांतून आलेलं होतं. तेव्हापासून मूत्राशयात काही दिसलं की मी रुग्णाला कुशीवर वळवते, गरज पडली तर पालथंही झोपवते. गुठळी सरकते, गाठ जागची हलत नाही. डॉपलर लावून आत रक्तप्रवाह आहे का तेही पाहते. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्या दोन मिनिटांवर कुणाच्या तरी दोन रात्री अवलंबून असतात.

आपल्याकडे आणखी एक बहुरूपी आहे, क्षय. मूत्रमार्गाचा क्षय भारतात अजूनही पुरेसा आहे, आणि तो कर्करोगाची हुबेहूब नक्कल करतो. मूत्रवाहिनीची भिंत जाड, कुठे अरुंद कुठे फुगलेली, किडनीच्या कपांची तोंडं आवळलेली, मूत्राशय आकसून लहान झालेलं. लघवीत पू-पेशी भरपूर आणि नेहमीच्या कल्चरमध्ये मात्र जंतू उगवत नाहीत. असं दिसलं की क्षयाची चाचणी मागायची, आणि त्याचबरोबर कर्करोगाचा तपासही सोडायचा नाही. गंमत अशी की वरवरच्या मूत्राशय-कर्करोगावर आज जे औषध मूत्राशयात सोडतात ते बीसीजी, म्हणजे क्षयाचीच लस. १९७६ पासून ते वापरात आहे.

आता दुर्बीण टाळण्याचा प्रश्न. बाबांना भीती वाटत असणार, लाजही वाटत असणार. या वयाच्या पुरुषांना ती बोलून दाखवता येत नाही, म्हणून ते 'स्कॅनच करा ना' म्हणतात. त्यांना मोकळेपणाने सांगा की लवचीक दुर्बीण असेल तर भूल न देता, बधिर करणारी जेली लावून काही मिनिटांत तपासणी होते. मूत्राशयाच्या अस्तरासाठी तिला पर्याय नाही. सीटीवर नुसती भिंत जाड दिसली तर ती सूज आहे, प्रोस्टेटच्या अडथळ्याने जाड झालेला स्नायू आहे, की कर्करोग आहे, हे मला खात्रीने सांगता येत नाही. चपटा सीआयएस तर मला दिसतच नाही. तो दुर्बिणीत मखमली लाल डागासारखा दिसतो, आणि लघवीतल्या पेशींच्या तपासणीत, ज्याला सायटॉलॉजी म्हणतात, त्याच्या पेशी सापडू शकतात. तीही तपासणी सर्जनना विचारून द्या. शेवटी निदानावर शिक्का मारतो तो तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्ट. आमची चित्रं तुकडा कुठून घ्यायचा आणि आजार किती पसरलाय हे सांगतात.

किडनीच्या मांसल भागातल्या गाठीचं मात्र वेगळं असतं. तिथे कॉन्ट्रास्टने उजळणारी घट्ट गाठ दिसली की बऱ्याचदा तुकडा न घेता, चित्रावरच विसंबून शस्त्रक्रिया ठरते. गाठीत चरबीची घनता मोजता आली तर ती बहुतेक वेळा साधी, अँजिओमायोलायपोमा नावाची गाठ असते. म्हणून शेजारच्या काकांचं निदान 'नुसत्या सीटीवर झालं' हे खरं असेलही, पण ते किडनीच्या गाठीचं असेल. मूत्राशयाला तो नियम लावू नका.

मग एमआरआय कधी? मूत्राशयात गाठ सापडली की सगळं अडतं एका प्रश्नावर: ती अस्तरापुरती आहे की भिंतीच्या स्नायूत शिरली आहे? सुदैवाने सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत निदानाच्या वेळी ती वरवरची असते. वरवरची असेल तर दुर्बिणीतून खरवडून काढणं आणि नंतर गरजेप्रमाणे मूत्राशयात औषध सोडणं. स्नायूत शिरली असेल तर केमोथेरपी, मूत्राशय काढणं किंवा ते वाचवून किरणोपचार, म्हणजे आयुष्याचं सगळं गणितच बदलतं. हा फरक सीटीला नीट कळत नाही. एमआरआयवर स्नायूचा थर काळ्या रेषेसारखा दिसतो, आणि ती रेष अखंड आहे की तुटली आहे ते पाहता येतं. २०१८ पासून यासाठी व्हाय-रॅड्स नावाची १ ते ५ गुणांची पद्धत आहे. १ म्हणजे गाठ स्नायूत शिरलेली नसण्याची शक्यता खूप, ५ म्हणजे गाठ स्नायू ओलांडून गेल्याची. ३ आला की आम्हीही स्पष्ट लिहितो, चित्रावरून ठरवता येत नाही.

एमआरआयची वेळ इथे फार चुकते. गाठ खरवडल्यावर भिंत सुजते आणि ती सूज गाठीसारखीच दिसते. म्हणून एमआरआय खरवडण्याआधी करावा, आणि ते जमलं नाही तर नंतर निदान दोन आठवडे तरी थांबावं. कॅथेटर असेल तर आधी सांगा, त्याच्या फुग्याने आणि आत गेलेल्या हवेने चित्र बिघडतं. तुमच्या बाबांच्या बाबतीत गाठ सापडलेलीच नाही. आज एमआरआय केला तर तो ज्या प्रश्नाचं उत्तर उत्तम देतो तो प्रश्नच अजून पडलेला नाही.

पेट स्कॅनचा आग्रह तर मला दर आठवड्याला ऐकू येतो. महाग आहे म्हणून सगळं दाखवत असेल, असा समज आहे. पेटमध्ये किरणोत्सारी साखर देतात, गाठ ती जास्त खाते आणि चमकते. पण ती साखर शरीराबाहेर पडते कुठून? लघवीतूनच. म्हणजे किडनी, मूत्रवाहिनी आणि मूत्राशय हा सगळा मार्ग कर्करोग नसतानाही झगझगीत दिसतो. दिव्यांच्या माळेत एक काजवा शोधण्यासारखं होतं. स्नायूत शिरलेल्या कर्करोगात लसिकाग्रंथींत किंवा दूर कुठे पसरलंय का हे पाहायला पेटचा उपयोग होतो, पहिल्या शोधासाठी नाही.

क्रिएटिनिन १.४ बद्दल. नुसत्या आकड्यावर घाबरू नका, वय धरून किडनीचं काम किती टक्के चालू आहे ते काढतात. त्याला ईजीएफआर म्हणतात. ६४ वर्षांच्या पुरुषात १.४ म्हणजे तो ५५ च्या आसपास येतो. कॉन्ट्रास्टबद्दल खरी काळजी ३० च्या खाली सुरू होते. मधुमेह आहे म्हणून रिपोर्ट अगदी अलीकडचा हवा, आदल्या दिवशी पाणी व्यवस्थित प्यायलेलं हवं, आणि ब्रुफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या बंद हव्यात. या ईजीएफआरला मेटफॉर्मिन चालू ठेवलं तर चालतं, तरी काही केंद्रं सावधगिरी म्हणून ४८ तास थांबवायला सांगतात. तिथल्या डॉक्टरांचं ऐका, स्वतःहून काही बंद करू नका. पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल, श्वास लागला असेल किंवा दमा असेल तर ते न विचारताही सांगा. कोळंबी-माशांची ॲलर्जी आहे म्हणून कॉन्ट्रास्ट चालत नाही, हा मात्र जुना गैरसमज आहे. आणि किडनी खरंच कमजोर असती तरी वाट बंद होत नाही: कॉन्ट्रास्टशिवाय सीटी किंवा एमआर युरोग्राफी करून, दुर्बिणीच्याच वेळी खालून औषध चढवून मूत्रवाहिन्यांची चित्रं घेता येतात. त्याला आरजीपी म्हणतात.

किरणांचं म्हणाल तर तीन फेऱ्यांची सीटी म्हणजे कमी मात्रा नव्हे, निसर्गातून आपल्याला काही वर्षांत मिळते तेवढी. कॉन्ट्रास्ट दोन हप्त्यांत देऊन दुसरी आणि तिसरी फेरी एकत्र करण्याची पद्धत आहे, त्याने ती घटते. तिशीतल्या, विडी-सिगारेट न ओढणाऱ्या माणसाच्या लघवीत फक्त सूक्ष्मदर्शकाखाली चार रक्तपेशी दिसल्या असत्या तर मी स्वतःच म्हटलं असतं, आधी लघवी पुन्हा तपासा, सोनोग्राफी करा, सीटीची घाई नको. ६४ व्या वर्षी, विडीचा इतिहास आणि डोळ्यांना दिसलेलं रक्त असताना हे तराजू सरळ सीटीच्या बाजूला झुकतं.

तुमचा प्रश्न वडिलांचा आहे, तरी आयांसाठी एक परिच्छेद लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. बायकांच्या लघवीतून रक्त आलं की ते पाळीचं किंवा पिशवीचं समजलं जातं, नाहीतर 'इन्फेक्शन' म्हणून अँटिबायोटिकची एक पुडी, मग दुसरी, मग तिसरी. लघवीचं कल्चर एकदाही नाही. मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांत जास्त होतो, पण बायकांत तो उशिरा सापडतो, आणि मला त्यामागे हेच कारण दिसतं. पाळी बंद झालेल्या बाईला लघवीत लाली दिसली आणि कल्चरमध्ये जंतू नाहीत, तर तिसरी पुडी घेऊ नका, सोनोग्राफी आणि यूरोसर्जन गाठा.

राहिलं लग्न. स्नायूत शिरलेल्या कर्करोगात निदानापासून शस्त्रक्रियेपर्यंत तीन महिन्यांहून जास्त गेले तर निकाल बिघडतात, हे सर्वमान्य आहे. तुम्ही दोन महिने निदानाच्याही आधीच घालवायला निघाला आहात. आणि तपासण्यांना लागतो किती वेळ? सीटी अर्ध्या-पाऊण तासात आटोपते, दुर्बीण सकाळी करून माणूस बहुधा त्याच दिवशी घरी येतो. दोन्ही मिळून पंधरा दिवसांत होऊ शकतं. काहीच निघालं नाही तर बाबा लग्नात निश्चिंत मनाने फिरतील. काही निघालं आणि वरवरचं असलं, तरी पहिली खरवड लग्नाआधी होऊन जाईल.

खर्चाची अडचण असेल तर नागपुरातल्या मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या सरकारी रुग्णालयांत आधी चौकशी करा, सीटीची तारीख कधीची मिळते ते विचारा, आणि पुढे उपचाराची वेळ आलीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून ठेवा. जुन्या सोनोग्राफीच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी एका पिशवीत घाला. सीटीची सीडी नक्की मागून घ्या, कारण सर्जनना रिपोर्टपेक्षा चित्रं जास्त लागतात. फॉर्मवर 'पोटाची सीटी' असं लिहिलं असेल तर सर्जनकडून 'सीटी युरोग्राफी, न दुखता लघवीत रक्त, विडीचा इतिहास' असं लिहून आणा. माझ्यासारखीच्या हातात तो कागद येतो तेव्हा त्या एका ओळीवरून मी ठरवते की शेवटची फेरी किती मिनिटांनी घ्यायची आणि कोणत्या जागी दोनदा पाहायचं.

सोमवारी दोन्ही तारखा घेऊन टाका. दुर्बिणीची आधी मिळाली तर ती आधी करा, सीटीसाठी थांबवू नका. मात्र दुर्बिणीत गाठ दिसली तर खरवडायच्या आधी सर्जनना एवढं विचारा, की एमआरआय आता करायचा का.